एका ओळीची दुरुस्ती: लिनक्सला पॅच पाठवताना

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात मी मार्केट यार्डातून करणार आहे.

माझ्या एका मित्राच्या काकांचा भुसार मालाचा गाळा आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडलेला आहे. पोतं काट्यावर ठेवलं की वजन थेट बिलात जातं. संगणक जुना, म्हणून त्यावर लिनक्स. तत्त्वबित्त्व काही नाही, फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर चालतं, एवढंच कारण. एके दिवशी काका मला म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? हा काटा दुपारपर्यंत मुका होतो बघ. मशीन बंद करून चालू केलं की परत बोलायला लागतो."

ऐकायला ही बारीकशी कटकट वाटते. पण लिलाव झालेला असतो, गाड्यांची रांग लागलेली असते, आणि मशीन पुन्हा चालू व्हायला पाच मिनिटं लागतात. मापाडी उभा, हमाल उभे, शेतकरी उभा. आणि शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार काय येतो? हा काटा खराखुरा बंद पडलाय की मुद्दाम पाडलाय?

मी दोन दिवस तिथे जाऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं की वीज मधूनच किंचित झोका खाते. काटा क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि लिनक्स त्याला नव्याने ओळखायचा प्रयत्न करतं. कधी कधी काटा पुरता जागा झालेला नसतो, मग पहिला प्रयत्न फसतो आणि दुसरा जमतो. इथवर सगळं ठीक. खोट पुढे होती. त्या जोडणीचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा कर्नलमधला तुकडा, दर प्रयत्नाला आपल्याकडची एक जागा राखून ठेवत होता. अशा जागा मोजक्याच असतात. प्रयत्न जमला तर उपकरण काढताना ती जागा मोकळी व्हायची. प्रयत्न फसला तर मात्र ती मोकळी करायची ओळच कोणी लिहिलेली नव्हती.

लग्नासाठी भाड्याने आणलेल्या भांड्यांसारखं आहे हे. लग्न लागलं की भांडी परत जातात, कारण ते कोणीतरी अंगावर घेतलेलं असतं. पण लग्नच मोडलं तर? त्या गोंधळात पातेली तशीच अंगणात पडून राहतात. अशी दहा लग्नं मोडली की भांडीवाल्याकडे अकराव्याला द्यायला काही उरत नाही. आपल्या काट्याचं नेमकं हेच होत होतं.

दुरुस्ती होती एका ओळीची. फसलेल्या वाटेवरही जागा परत करा, बस. मी ती ओळ घातली, कर्नल पुन्हा बांधला, गाळ्यावर बसवला. काटा दिवसभर बोलत राहिला. मला वाटलं, झालं काम.

आपल्यापुरतं भागलं, मग पाठवायचं कशाला?

पहिला फायदा अगदी स्वार्थी आहे. महिन्याभराने संगणकावर कर्नलची नवी आवृत्ती येणार आणि माझी ओळ पुसली जाणार. मग ती मी पुन्हा घालणार, पुन्हा पुसली जाणार. तुम्ही केलेली दुरुस्ती मूळ प्रवाहात गेली नाही तर ती जन्मभर तुम्हालाच सांभाळावी लागते.

दुसरं असं, की तोच ड्रायव्हर आणखी कुठे कुठे चालतो ते मला माहीत नाही. लिनक्सचा कर्नल अँड्रॉइड फोनमध्ये आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स याने १९९१ साली पहिली आवृत्ती बाहेर काढली तेव्हा ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या तीन कोटींच्या वर आहेत. एवढ्या ओळी कोणी एकट्याने वाचलेल्या नाहीत. त्यातली एखादी चूक तिथे दिसते जिथे कोणाचं तरी काम अडतं. माझ्या बाबतीत ते मार्केट यार्डात अडलं होतं.

पॅच म्हणजे नेमकं काय

पॅच म्हणजे ठिगळ. पण इथे त्याचा अर्थ फार नेमका आहे. जुनी फाइल आणि नवी फाइल यांतला फरक, तोही साध्या मजकुरात लिहिलेला. काढलेल्या ओळीच्या आधी उणे चिन्ह, घातलेल्या ओळीच्या आधी अधिक चिन्ह, आणि आजूबाजूच्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा, म्हणजे बदल कुठे बसवायचा ते कळावं.

हा फरक काढणारा 'डिफ' नावाचा प्रोग्रॅम १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झाला. तो फरक दुसऱ्याच्या फाइलवर बसवणारा 'पॅच' हा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. पुढे पर्ल ही भाषा करणारे तेच हे वॉल. पॅचची गंमत अशी, की समोरच्याच्या फाइलमध्ये दरम्यान चार ओळी वाढल्या असतील, तरी तो आजूबाजूच्या ओळी बघून योग्य जागा शोधतो. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच फाइलवर काम करू शकली. अख्खी फाइल पाठवायची गरज उरली नाही, फक्त बदल पाठवायचा.

सुरुवातीची दहा-अकरा वर्षं तोरवाल्ड्स लोकांचे असे पॅच ईमेलने घेत आणि स्वतः बसवत. २००२ साली त्यांनी बिटकीपर हे साधन वापरायला घेतलं. ते वापरणं २००५ मध्ये थांबवावं लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच नवं साधन लिहिलं. तेच गिट. आज जगभरचे प्रोग्रॅमर गिट वापरतात, पण ते जन्माला आलं ते कर्नलचे पॅच सांभाळायला.

पहिला नकार

आता पाठवायचं कोणाला? तोरवाल्ड्सना नव्हे. कर्नलच्या कोडसोबत 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल येते. कुठला भाग कोण सांभाळतं, त्याची ती वही. आणि एक छोटी स्क्रिप्ट आहे, तिला पॅच दाखवला की ती नावं काढून देते. दुसरी स्क्रिप्ट 'चेकपॅच'. ती लिखाणाची शिस्त तपासते. पाठवण्याआधी या दोन्ही चालवायच्या. हे न करता पाठवणं म्हणजे पाकिटावर पत्ता न लिहिता ते पोस्टाच्या पेटीत टाकणं.

मी दोन्ही केलं आणि नेहमीच्या ईमेलच्या पानावरून पॅच चिकटवून पाठवला. उत्तर आलं, एका ओळीचं. पॅच बसतच नाही म्हणे! कर्नलच्या कोडमध्ये ओळ आत सरकवायला टॅब वापरतात. ब्राउझरमधल्या ईमेलने त्या सगळ्या टॅबांच्या जागी मुकाट्याने रिकाम्या जागा भरल्या होत्या. डोळ्याला दोन्ही सारखं दिसतं, प्रोग्रॅमला नाही. म्हणून पॅच साध्या मजकुरात पाठवायचा, जोडपत्र म्हणून नाही, आणि शक्यतो गिटच्याच ईमेल पाठवणाऱ्या आज्ञेने. आधी स्वतःलाच पाठवून, परत उतरवून, बसतो का ते बघायचं. हे मी तेव्हा शिकलो.

दुसरा नकार

दुसऱ्यांदा पॅच नीट बसला. तरी परत आला. वरच्या माहितीत मी लिहिलं होतं, 'चुकीच्या वाटेवर जागा मोकळी करण्याची ओळ घातली.' मेंटेनरचा प्रश्न होता: ते मला कोडमध्ये दिसतंय. अडचण काय होती? कोणाला आली? कशी?

खरं सांगतो, मला थोडा राग आला. एक ओळ आहे बाबा, स्वच्छ दिसतेय, त्यात काय समजवायचं? पण त्याचं बरोबर होतं. का, ते सांगायला मी तुम्हाला दुसरी एक गोष्ट सांगतो.

डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली एक मोठी, मान्यवर कार्यप्रणाली. २००६ साली तिथे ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या संचात एक दुरुस्ती झाली. मेमरीतल्या चुका शोधणारं एक साधन तक्रार करत होतं, की या कोडमध्ये किंमत न भरलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार ज्या ओळींबद्दल होती त्या दोन ठिकाणच्या ओळी बंद केल्या. तक्रार थांबली. दिसायला स्वच्छ दुरुस्ती.

पण त्यातली एक ओळ यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात सगळं मिश्रण ओतणारी होती. तीच गेली. गुप्त किल्ल्या बनवताना बदलणारी गोष्ट उरली ती फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ प्रकारचा. म्हणजे ज्या किल्ल्या विश्वाच्या अंतापर्यंत सापडू नयेत, त्या एका यादीत मावायला लागल्या. चोराने यादी घेऊन बसायचं आणि एकेक लावून बघायची. हे मे २००८ मध्ये उघड झालं. तोवर डेबियन आणि तिच्यावर आधारलेली उबुंटू, यांवर जवळजवळ दोन वर्षं अशा किल्ल्या बनत होत्या. कार्यप्रणाली सुधारून भागलं नाही. त्या काळात बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

ज्याने बदल केला तो निष्काळजी नव्हता. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना आधी विचारलंही होतं, आणि कोणी नको म्हटलं नाही. पण विचारणं झालं ते ओघात, गप्पांत. नेमका पॅच, त्यामागचं कारण आणि परिणामांसकट, मूळ प्रकल्पाकडे तपासणीला गेला नाही. तो डेबियनच्या घरातच राहिला. ज्यांना ती ओळ का आहे हे माहीत होतं, त्यांच्या डोळ्यांखालून ती काढण्याची वाट गेलीच नाही. साधनाची तक्रार बंद होणं आणि चूक दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून 'अडचण काय होती' हा प्रश्न. मी बसून लिहिलं: वीज गेल्याने उपकरण अर्धवट जागं असतं, ओळखीचा प्रयत्न फसतो, राखलेली जागा परत होत नाही, जागा संपल्या की पुढचा प्रत्येक प्रयत्न नाकारला जातो, संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मग दुरुस्ती काय ते. हे लिहिताना मलाच माझी ओळ पहिल्यांदा पुरती कळली.

लिहायची रीत ठरलेली आहे. वरची शीर्षकाची ओळ सत्तर-पंचाहत्तर अक्षरांत, तिच्या सुरुवातीला कुठला भाग ते. पुढे आधी अडचण, मग उपाय. शीर्षक आज्ञार्थी, म्हणजे 'मी अमुक केलं' असं नको, 'अमुक कर' असं, जणू तुम्ही कोडला हुकूम देताय. आणि एका पॅचमध्ये एकच काम. जाता जाता शेजारची ओळ नीटनेटकी करायचा मोह होतो, पण तो वेगळा पॅच.

तिसरा नकार, आणि तो सगळ्यात चांगला

चूक जुनी असेल तर ती कुठल्या बदलातून आत आली, तेही लिहायचं असतं. त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक. ते शोधायची गिटची आज्ञा आहे, तिचं नाव 'ब्लेम'. नावावरून वाटतं आरोपी पकडायचाय. पण तसं नसतं. मूळ बदल करणाऱ्यालाही पॅचची प्रत जाते. मला दुसऱ्याच दिवशी त्याचं उत्तर आलं: आभार, चूक माझीच, पण याच फंक्शनमधून फसून बाहेर पडायची आणखी एक वाट खाली आहे, तिथेही हेच होतंय.

मी ती पाहिलीच नव्हती! काट्यावर ती वाट कधी घडत नव्हती, म्हणून. माझ्या गाळ्यापुरती माझी दुरुस्ती पूर्ण होती, बाकी जगासाठी अर्धी.

या लिहून ठेवण्याची किंमत किती, त्याचं दुसरं उदाहरण देतो. २०१६ साली 'डर्टी काऊ' नावाने गाजलेली चूक दुरुस्त झाली. साध्या वापरकर्त्याला फक्त वाचण्यापुरत्या दिलेल्या मेमरीत लिहिता येत होतं, आणि त्यातून तो संगणकाचा मालक होऊ शकत होता. चूक २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होती. दुरुस्ती तोरवाल्ड्स यांनी स्वतः केली, आणि तिच्या माहितीत सरळ लिहिलं की हाच दोष अकरा वर्षांपूर्वी मी काढायचा प्रयत्न केला होता, तो वाईट जमला होता, आणि एका वेगळ्या प्रोसेसरवरच्या अडचणीमुळे तो मागे घेतला गेला. प्रकल्पाचा कर्ता स्वतःची जुनी चूक कायमच्या नोंदीत घालतो. कारण उद्या हा कोड उघडणाऱ्याला 'हे असं का' याचं उत्तर दुसरं कोण देणार?

खालची सही

पॅचच्या शेवटी एक ओळ असते, 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे तुमचं नाव आणि ईमेल. ही पद्धत २००४ साली आली. आदल्या वर्षी लिनक्समधला कोड कोणाच्या मालकीचा यावरून अमेरिकेत मोठा खटला उभा राहिला होता, त्याची पार्श्वभूमी आहे. सहीचा अर्थ मर्यादित पण गंभीर आहे: हा कोड मी लिहिलाय, किंवा तो या परवान्याखाली पुढे द्यायचा मला हक्क आहे, आणि ही नोंद कायम जाहीर राहील हे मला माहीत आहे. पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जातो, तो तो आपली सही खाली जोडत जातो.

ही सगळी इमारत विश्वासावर उभी आहे. तो मोडला तर काय होतं? २०२० साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणी किती कडक आहे हे बघायला, मुद्दाम खोट ठेवलेले पॅच दुसऱ्या नावांनी पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटलं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून पॅच घेणं थांबवलं. त्यांचे जुने चारशेहून अधिक बदल स्वयंसेवकांनी पुन्हा बसून तपासले. बहुतेक ठीकच निघाले. संशोधकांनी निबंध मागे घेतला, माफी मागितली. पण ते तास परत येणार नव्हते. तपासणारा माणूस तुमच्यासाठी आपला वेळ खर्च करतो, तो तुमचा हेतू चांगला आहे असं धरून.

मग वाट बघायची

चौथ्या आवृत्तीला 'घेतला' असं उत्तर आलं. त्याआधी आठवडा-आठवडा शांतता होती. शांतता म्हणजे नकार नव्हे. किमान आठवडाभर थांबायचं, मग नम्रपणे आठवण द्यायची. नवी आवृत्ती पाठवताना आधीपेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे ते तपासणाऱ्याला दिसतं पण कायमच्या नोंदीत जात नाही.

घेतलेला पॅच लगेच सगळीकडे जात नाही. आधी त्या भागाच्या मेंटेनरकडे, तिथून तपासणीच्या एकत्रित झाडात. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. तिच्या सुरुवातीचे दोन आठवडे नवे बदल घ्यायचे, बाकीचे चुका काढायचे. एकेका आवृत्तीत दहा हजारांच्या वर बदल असतात, त्यात माझा एक.

छोट्या, खऱ्या दुरुस्त्या जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्येही नेल्या जातात. ही व्यवस्था २००५ पासून आहे. अट अशी, की दुरुस्ती आधी मूळ प्रवाहात गेलेली हवी, खरी अडचण सोडवणारी हवी, आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको. माझी बसली.

काही महिन्यांनी काकांच्या संगणकावर नेहमीचं अद्ययावतीकरण झालं, आणि मी हाताने घातलेली ओळ पुसली गेली. या वेळी काही बिघडलं नाही. ती आता आतच होती. काका एवढंच म्हणाले, "काटा बरा चालतोय हल्ली."

श्रोत्यांचे प्रश्न

*मला सी भाषा येत नाही. मी काय करू शकतो?*

चूक नीट कळवणं हेही काम आहे, आणि ते फार कमी लोक नीट करतात. कुठली आवृत्ती, कुठलं उपकरण, काय केल्यावर काय झालं, दर वेळी होतं की कधी कधी, आधीच्या आवृत्तीत होत होतं का. अशी माहिती देणाऱ्याचं नाव 'रिपोर्टेड-बाय' म्हणून दुरुस्तीखाली लागतं. पॅच वापरून बघणाऱ्याचं 'टेस्टेड-बाय'. दस्तऐवजातल्या चुका सुधारणं हीदेखील चांगली सुरुवात.

*मी नोकरी करते. कंपनीच्या वेळात लिहिलेली दुरुस्ती पाठवू का?*

आधी विचारा, लेखी विचारा. करारानुसार तो कोड कंपनीचा असू शकतो. सही करताना तुम्ही 'मला हक्क आहे' असं म्हणता, ते खरं हवं. विचारल्यावर बऱ्याच कंपन्या हो म्हणतात, कारण दुरुस्ती मूळ प्रवाहात गेली तर पुढे ती सांभाळायचा त्यांचा खर्च वाचतो.

*कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पॅच लिहून घेतला आणि पाठवला तर?*

सही कोणाची आहे? तुमची. मेंटेनर विचारेल, ही ओळ इथेच का, दुसऱ्या वाटेवर काय होईल. ते उत्तर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत देता येत असेल तर पुढची बोलणी. येत नसेल तर पाठवू नका. डेबियनच्या त्या दोन ओळी आठवा. तिथेही साधन म्हणालं होतं, इथे चूक आहे. ती ओळ तिथे का आहे, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. ते आपलं आहे.